खळमावशींनी लावलेली चित्रं

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. वाचनालयाच्या बालविभागात एकवीस वर्षं काढली की माणूस असाच होतो. पुस्तक परत आलं की मी आधी त्याचा वास घेते, मग पानं फडफडवून बघते आणि मग आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघते. 'हे आधीपासूनच फाटलेलं होतं' असं म्हणणारं पोर खरं बोलतंय की थाप मारतंय, हे मला त्याच्या कानाच्या पाळीवरून कळतं. फारच क्वचित चुकते मी. एकदा मात्र अशी चुकले की अजून आठवलं तरी जीव कसनुसा होतो.

पण गोष्ट माझी नाही, आमच्या वन्संची आहे. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण.

वन्संचं लग्न माझ्या आधी चार वर्षं झालं होतं. नवरा फिरतीच्या नोकरीवर. पाचव्या वर्षी तो फिरायला गेला तो दुसऱ्याच गावात स्थिरावला, तिथे त्यानं दुसरं घर मांडलं. वन्सं एक ट्रंक घेऊन भावाकडे आल्या आणि दारातच म्हणाल्या, "चार दिवस राहते." मी तेव्हा नवी नवरी, सहा महिन्यांची. मीही मोठ्या मनानं म्हटलं, "अहो, राहा की." त्या चार दिवसांची चोवीस वर्षं झाली.

माझी थोरली झाली तेव्हा तिला पहिली आंघोळ वन्संनी घातली. धाकटीचे दात, ताप, शाळेचे डबे, सगळं त्यांनीच काढलं. त्या घरात होत्या म्हणून मी वाचनालयात नोकरी धरू शकले, हे मी कबूल करते. पुढे मुली मोठ्या झाल्या आणि वाचनालयातला पुस्तकं दुरुस्त करणारा म्हातारा निवृत्त झाला, तेव्हा मीच मोठ्या बाईंकडे, म्हणजे आमच्या ग्रंथपालांकडे, शब्द टाकला. 'वन्संना मी लावलं' हे मी चारचौघांत किती वेळा सांगितलं असेल त्याला गणती नाही. नेमणूक वर्षावर्षाची होती, दर वर्षी मोठ्या बाईंनी कागदावर सही केली की पुढचं वर्ष. पण दहा वर्षं त्यात खंड पडला नाही, कारण बाई कामाला वाघ.

मागच्या बाजूला एक खिडकी असलेली खोली, तिथे लांबलचक टेबल. वन्सं सकाळी आल्या की आधी पिठाची खळ शिजवायच्या, गुठळी म्हणून होऊ द्यायच्या नाहीत. मग मेण लावलेला दोरा, दाभण, पुठ्ठे, कापडाच्या पट्ट्या. पुस्तकाची पाठ सुटली असेल तर सगळी पानं मोकळी करून, झाडून, पुन्हा शिवायची, खळ लावायची आणि लोखंडी दाबाखाली दिवसभर ठेवायचं. पोरं त्यांना खळमावशी म्हणत. खिडकीशी येऊन हाताला चिकटवायला खळ मागत, आणि मी बघत नसले की वन्सं देतही. मी बघत असायचेच.

दुरुस्त झालेलं प्रत्येक पुस्तक माझ्या टेबलावर यायचं. मी पान न् पान बघायचं, आतल्या पुठ्ठ्यावर सही करायची, आणि मगच ते कपाटात जायचं. ही पद्धत मीच घालून दिलेली. कुणावर विश्वास टाकायचा नाही, हे तिचं मूळ.

आता ते पुस्तक. गुलाम म्हणून जन्मलेली एक मुलगी पळून सुटते, मग परत परत जाऊन इतरांना सोडवून आणते आणि पुढे भर सभेत उभी राहून गुलामी बंद करा म्हणते. तिचं सचित्र चरित्र, मुलांसाठी लिहिलेलं. तिचं नाव आमच्याकडच्या पहिलीतल्या पोरांच्याही तोंडी होतं. पुस्तक इतकं वाचलं जायचं की वर्षातून दोनदा वन्संच्या टेबलावर यायचंच. त्यात आठ मोठी चित्रं होती, वेगळ्या जाड कागदावर छापलेली, एकाच तपकिरी शाईत. चित्रांच्या पानांना आकडे नव्हते. प्रत्येक चित्रासमोर एक पातळ कागद असायचा, त्यावर चित्राची ओळ, पण ते कागद पोरांनी कधीच फाडून नेले होते.

त्या वर्षी पुस्तकाची अगदी लक्तरं झाली, चित्रंसुद्धा पहिल्यांदाच सुटली, आणि नेमकं तेव्हाच घरात काहीतरी शिजतंय असं मला वाटायला लागलं.

पहिली गोष्ट, वन्संच्या गळ्यातल्या दोऱ्यात एक किल्ली आली. आमच्या घरात ट्रंकेला सोडून कुठे कुलूप नाही, आणि ट्रंकेची किल्ली मला माहीत आहे. दुसरी गोष्ट, स्वयंपाकघरातलं लहान पातेलं दिसेना. मग एक कप. मग एक जुनी चादर. मी विचारलं, "वन्सं, ते लहान पातेलं कुठे हो?" तर म्हणाल्या, "तळ गेलं होतं त्याचं." तळ बिळ काही गेलं नव्हतं, परवाच मी त्यात दूध तापवलं होतं. तिसरी गोष्ट, त्या गुणगुणायला लागल्या होत्या. चोवीस वर्षांत मी वन्संना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. बरं, ताकास तूर लागू देतील तर शपथ.

मी नवऱ्याच्या कानावर घातलं. आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात, डोळ्याला भिंग लावलं की जगबुडी आली तरी मान वर करायचे नाहीत. म्हणाले, "तिला गाणं सुचलं तर तुझं काय गेलं?"

"माझं पातेलं गेलं," मी म्हटलं.

त्यांना नाही कळायचं. मला मात्र कळत होतं की कुठेतरी पाणी मुरतंय. जेवणाच्या सुट्टीत वन्सं वीस वीस मिनिटं गायब व्हायला लागल्या, तेव्हा मी सरळ त्यांच्या मागे गेले. हो, गेले. वाचनालयाच्या मागच्या गल्लीतून, दुकानांच्या फळ्यांच्या आडोशानं. आणि खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पुरुष आला होता. पन्नाशीच्या, दिवसभर हाताला खळ लागलेल्या बाईवर मी तसला संशय घेत होते आणि वरून चपलांचा आवाज होऊ नये म्हणून चवड्यांवर चालत होते.

वन्सं एका अरुंद इमारतीत शिरल्या. थोड्या वेळानं दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली आणि त्यांचाच हात फडकं झटकताना दिसला. खाली एक चांभार बसला होता. मी त्याला पायातली चांगली चप्पल उगाच दाखवली आणि विचारलं, "वर कोण राहतं?"

"सध्या कुणी नाही. एक बाई एक तारखेपासून येणार आहेत. रोज येऊन झाडून जातात," तो म्हणाला. मग माझी चप्पल उलटीपालटी करून म्हणाला, "हिला काही झालेलं नाही."

म्हणजे वन्सं चालल्या होत्या. आम्हाला न सांगता, पातेल्यासकट. मी परत येताना नुसती धुमसत होते. चोवीस वर्षं घरात ठेवून घेतलं, नोकरीला लावलं, आणि त्याची ही परतफेड. शिवाय मनात हेही होतं, ते लपवत नाही: सकाळचा चहा कोण करणार, डबे कोण भरणार, मी वाचनालयातून दमून आले की ताट कोण वाढणार. वन्सं गेल्या तर माझं घर बंद पडणार होतं. मला हे होऊ द्यायचं नव्हतं.

मी टेबलाशी येऊन बसले तर समोर ते चरित्र, नवीन पाठ लावलेलं, कोरं करकरीत. वन्संनी सकाळीच आणून ठेवलं होतं. शनिवारी कार्यक्रम होता, शाळेतले एक सर साठ मुलांना तेच पुस्तक चित्रं दाखवत वाचून दाखवणार होते. माझं डोकं ताळ्यावर कुठे होतं? मी पुस्तक उघडलं, आतल्या पुठ्ठ्यावर सही ठोकली आणि बाजूला सारलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा एकही पान न बघता.

शनिवारी सरांनी वाचायला सुरुवात केली. 'तिच्या आजीनं तिला मांडीवर घेतलं आणि तिचे केस विंचरले.' मग त्यांनी पुस्तक मुलांकडे वळवून पहिलं चित्र दाखवलं. चित्रात एक धिप्पाड बाई जेवणाच्या मोठ्या टेबलाशी भांडं घेऊन उभी.

पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "सर, ही तर मोठी आहे."

सगळी पोरं फिस्सकन हसली. सरांनी सावरून घेतलं, पण शेवटी पुन्हा तेच. मजकुरात ती सुटून आलेल्यांना स्वतःच्या घरी जेवायला घालते, आणि चित्रात एक म्हातारी मांडीवरच्या पोरीचे केस विंचरत बसलेली. आता साठच्या साठ पोरं खिदळली, मागे बसलेल्या आयासुद्धा. मोठ्या बाई दाराशी उभ्या होत्या, त्या हसल्या नाहीत.

मला खोलीत बोलावून त्या म्हणाल्या, "सोमवारी सकाळी लेखी द्या. चूक कुणाची, एवढंच." त्यांच्या टेबलावर नेमणुकांचे कागद पडलेले होते. सगळ्यात वर वन्संचा, अजून सही न झालेला.

मी घरी निघाले ती पुस्तक पुरावा म्हणून पिशवीत घालूनच. रस्ताभर माझ्या मनात एकच: हे मुद्दाम केलंय. जाता जाता मला खाली बघायला लावायचं, असा बेत आहे बाईचा. दहा वर्षांत एक पान इकडचं तिकडे झालं नाही ते आताच बरं झालं?

रविवारी सकाळी हे दुकानात गेले, मुली मैत्रिणींकडे गेल्या. मी जेवणाच्या टेबलावर बसून पत्र लिहिलं. 'पुस्तक दुरुस्त करणाऱ्या बाईंनी निष्काळजीपणे चित्रांची पानं उलटसुलट लावली.' अक्षर सुरेख आलं होतं. आणि लिहिताना मला पुढचं सगळं नीट ठाऊक होतं. पत्र गेलं की कागदावर सही होणार नाही, सही नाही की नोकरी नाही, आणि नोकरी नाही की खोली कुठली? वन्सं राहणार घरातच. मी पत्राची घडीसुद्धा घातली.

वन्सं चहा घेऊन आल्या. मी पुस्तक त्यांच्यापुढे सरकवलं.

"हे तुम्ही मुद्दाम केलंत ना?"

"काय ते?"

"पहिलं चित्र शेवटी आणि शेवटचं पहिल्यांदा. काल सगळी शाळा हसली मला."

वन्संचा चेहरा पडला. काल त्या मागच्या खोलीतच होत्या, त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी हात पुसले, पुस्तक उघडलं आणि दोन्ही चित्रं पुढेमागे करून पाहिली. मी त्यांच्या कानांकडे बघत होते.

"माझं चुकलं असेल," त्या म्हणाल्या. "मजकूर वाचायला वेळ नव्हता गं, दहा पुस्तकं होती त्या दिवशी. चित्रं बघून लावली. मधली सहा बरोबर आहेत ना?"

"आहेत. मग ही दोनच कशी चुकली?"

"हे बघ." त्यांनी टेबलाच्या चित्रावर बोट ठेवलं. "सगळे जेवायला बसलेत, आणि ही भांडं घेऊन उभी. मी मोजलं. माणसं सात, खुर्च्या सात, ताटं सात. हिचं ताटच नाही. म्हटलं, हे मालकाच्या घरचं, सुटायच्या आधीचं." मग त्यांनी पानं उलटून दुसरं चित्र काढलं. "आणि ही म्हातारी कशी निवांत बसलीये. मांडीवर नात. कुणी हाक मारत नाहीये हिला. म्हटलं, ही तीच, आता म्हातारी झालेली. हे सुटल्यावरचं."

"अहो वन्सं, ते तिचं स्वतःचं घर आहे. तिनं सोडवून आणलेली माणसं आहेत ती. प्रेमानं वाढतेय ती त्यांना."

"असेल," वन्सं म्हणाल्या. "चित्रात तसं दिसत नाही."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी शोधला. माझ्याइतकं टोमणा शोधणारं माणूस दुसरं नाही, पण तिथे नव्हताच. त्यांनी चित्र बघून जे खरं वाटलं ते लावलं होतं, बस.

मी ज्या टेबलाशी बसले होते ते मीच पसंत करून आणलेलं. अकरा वर्षं झाली. त्याला चार खुर्च्या आहेत, दोन आमच्या, दोन मुलींच्या. पाचवी घ्यावी हे दुकानात मला सुचलं नाही, घरी आल्यावर यांना नाही, मुलींना नाही. मी आठवायला लागले की वन्सं कुठे बसून जेवतात. मला आठवेना. चोवीस वर्षं एका घरात राहून मला ते सांगता येईना. मला माझी इतकी लाज वाटली की चहाचा कप उचलवेना.

"बसा ना," मी म्हटलं.

"गॅसवर आहे काहीतरी," असं म्हणून त्या आत गेल्या. गॅस बंद करून परत आल्या, पण बसल्या नाहीत. तेवढ्यात त्यांची नजर घडी घातलेल्या पत्रावर गेली. वर मोठ्या बाईंचं नाव होतं. त्यांनी ते उलगडलं नाही. मीच उलगडून पुढे केलं, कारण आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. त्यांनी वाचलं.

"देशील उद्या?" एवढंच विचारलं.

मी उत्तर द्यायच्या ऐवजी म्हटलं, "खोली घेतलीत ते मला माहीत आहे. मी आले होते तुमच्या मागे."

"चांभार म्हणाला मला. चांगली चप्पल दाखवून गेल्या एक बाई, म्हणाला." त्या जराशा हसल्या.

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

खोटं बोलायची सोय नव्हती. "नसतं," मी म्हटलं.

वन्संनी मान हलवली, पत्र टेबलावर ठेवलं आणि माझा गार झालेला चहा पुन्हा गरम करायला उचलला. मी तो त्यांच्या हातातून घेतला. मग त्यांच्यासमोरच ते पत्र फाडलं आणि दुसरं लिहिलं. 'तपासणी माझ्याकडे होती. मी पुस्तक न पाहता सही केली. चूक माझी आहे.' या खेपेला अक्षर काही सुरेख आलं नाही.

सोमवारी मोठ्या बाईंनी ते दोनदा वाचलं. "न बघता? तुम्ही?" त्यांना तर विश्वासच बसेना, आणि त्यांचं आश्चर्य बघून मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मला बालविभागातून काढून वर्षभरासाठी खाली वर्तमानपत्रं लावायला बसवलं. नाकाला मिरच्या झोंबल्या, नाही असं नाही. पण त्याच दुपारी वन्संच्या कागदावर सही झाली, ती मी शिपायाला विचारून खात्री करून घेतली. वन्संनी ओलं फडकं ठेवून खळ सैल केली आणि दोन्ही चित्रं सोडवून आपापल्या जागी लावली.

घरी मी सगळ्यांना सांगितलं. यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "ताई कशाला जातेय? तिला इथे काय कमी आहे?" मी म्हटलं, "जेवायला खुर्ची." त्यांनी चारही खुर्च्यांकडे पाहिलं आणि भिंग पुन्हा लावलं, पण समोरच्या घड्याळाला काही हात लावला नाही. धाकटी म्हणाली, "आपण अजून एक आणू ना, मग आत्या राहील." वन्संनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, "आणा की. मी जेवायला येईन तेव्हा बसेन." माझ्या मनात तरीही पाल चुकचुकत होतीच, की आयत्या वेळी त्या कच खातील. आणि खरं सांगते, निम्मं मन तेच मागत होतं.

एक तारखेला सकाळी त्या ट्रंक घेऊन निघाल्या. हे ट्रंक घेऊन खाली गेले, मुलीही त्यांच्या मागे गेल्या. मी दाराशी. वन्संनी चपला घातल्या, उंबऱ्याबाहेर एक पाऊल टाकलं आणि तिथेच वळल्या. चेहरा अगदी साधा, रोजच्यासारखा.

"जाऊ ना गं मी?"

चोवीस वर्षांत, ती खोली सोडली तर, त्या मला विचारल्याशिवाय कुठे गेल्या नव्हत्या. बाजारात, डॉक्टरकडे, सासूबाई गावी वारल्या तेव्हासुद्धा. दर वेळी असंच विचारायच्या, आणि दर वेळी मी 'हो, या जाऊन' म्हणायचे आणि मला वाटायचं, आमच्या वन्सं किती गरीब स्वभावाच्या.

"मला विचारू नका, वन्सं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. तरी त्या उभ्याच राहिल्या, माझ्या तोंडाकडे बघत. त्यांना 'हो' ऐकायचं होतं, आणि ते मी काही केल्या म्हणणार नव्हते. शेवटी मीच त्यांच्याकडे पाठ करून आत स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून थांबले. बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मग त्यांच्या चपला जिन्यावरून खाली जाताना ऐकू आल्या.